‘रविवार, ता. २५ डिसेंबर’, पण साल कुठलं? वर्गमित्रांच्या पत्रांचा गठ्ठा हाती आल्यावर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वडील १९६३ साली कोल्हापुरात बी.ए. झाले. पुढे वर्गमित्रांना एकत्र आणायची खटपट त्यांनीच केली, म्हणजे चिटणीस तेच. ते गेल्यावर खालच्या खोलीतल्या कपाटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सुतळीनं बांधलेली दीडएकशे पत्रं सापडली. त्यात कार्डं, अंतर्देशीय, काही पाकिटं, दोन तारा, मनीऑर्डरची कूपनं आणि एक सायक्लोस्टाईल परिपत्रक आहे. खालचा थर २०२१ च्या पुरात भिजून एकमेकांना चिकटलाय. तुम्हाला त्यातली ‘चांगली वीस’ पत्रं निवडून, लॅमिनेट करून, हयात वर्गमित्रांसाठी छोटी पुस्तिका काढायचीय. आणि एका कार्डावर ‘रविवार ता. २५ डिसेंबर’ एवढंच लिहिलंय. आई म्हणते ते ८३ साल, थोरला भाऊ म्हणतो नव्वदच्या आसपासचं.

सालाचं कोडं सुटतं, ते पुढे सांगतो. पण लॅमिनेशन किंवा साल या दोन्हींपेक्षा मला काळजी वाटली ती ‘चांगली वीस’ या शब्दांची.

मी तीसेक वर्षं कागदांत काढली. आधी नोकरीत मोडी दप्तरं लावली, निवृत्तीनंतर कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांतली खासगी पत्रं लावून देतो. या अनुभवावरून सांगतो, तुमच्या हातात आहे ती दीडशे पत्रांची रास नव्हे. ती एका चिटणीसाची चालू फाईल आहे. कोणाला लिहिलं, कोणाचं उत्तर आलं, कोणी पंचवीस रुपये पाठवले, कोणी नुसतं ‘बघतो’ म्हणून टोलवलं, हे सगळं पत्रांच्या मजकुरात कमी आणि गठ्ठ्याच्या क्रमात, कोपऱ्यांतल्या खुणांत जास्त असतं. वीस सुंदर पत्रं बाहेर काढलीत की वीस सुंदर पत्रं उरतील आणि मेळावा कसा जमला हे नाहीसं होईल.

हे मी माझं नुकसान झाल्यावर शिकलो. उमेदवारीच्या काळात एका घरची पत्रं लावताना जागा वाचवायला मी पाकिटं वेगळी काढली. पत्रं एका रुमालात, पाकिटं दुसऱ्या. व्यवस्थित वाटलं. महिन्याभरानं कळलं की निम्म्या पत्रांवर तारीखच नव्हती. तारीख होती ती पाकिटावरच्या टपालशिक्क्यात, आणि कुठलं पाकीट कुठल्या पत्राचं हे आता देवालाच ठाऊक. त्या घरच्या आजींनी मला काही म्हटलं नाही, फक्त पुढच्या वेळी चहा आणला तो कपाऐवजी पेल्यातून. मला समजलं.

म्हणून सुतळी सोडण्याआधी गठ्ठ्याचे चारी बाजूंनी फोटो काढा. मग वरून एकेक पत्र उचलायचं, मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं, दाब न देता, क्रमांक घालायचा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून त्याच क्रमानं पालथं ठेवत जायचं. पाकिटाला १४, तर आतल्या पत्राला १४ अ. तारखेप्रमाणे लावायचा मोह होईल, तो मांडणीचा खेळ नंतर संगणकावर करा. कागद वडिलांनी ठेवले त्याच क्रमात राहू देत. क्रम चुकलेला दिसला तरी. तो का चुकला, यालाही बहुतेक वेळा कारण असतं: मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी पैसे आलेले एकीकडे आणि यायचे राहिलेले दुसरीकडे केले असतील.

फोटोसाठी मोबाईलचं स्कॅनर अॅप वापरू नका, साधा कॅमेरा वापरा. ती अॅपं कागद पांढराशुभ्र करून देतात, आणि त्या सफाईत पेन्सिलीच्या खुणा आणि पुसट शिक्के आधी उडतात. तुम्ही पाठवलेल्या सहा फोटोंपैकी चारांत हेच झालंय. पाचव्यात मात्र कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं ‘उ. दि. १२/११’ दिसतंय. म्हणजे ‘उत्तर दिले, १२ नोव्हेंबर’. तुमचे वडील कुठल्यातरी कचेरीत होते का हो? ही सवय आवक-जावक बघणाऱ्या माणसाची आहे.

आता ते कार्ड. सावंतवाडीहून आलंय. पत्त्याच्या बाजूला पिनकोडच्या सहा चौकटी भरलेल्या आहेत, आणि पाठवणाऱ्यानं स्वतःचा पत्ता ‘मु.पो. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग’ असा घातलाय. शिक्का इतका पुसट की त्याचा उपयोग नाही. मजकुरातलं वाक्य असं: ‘रविवार ता. २५ डिसेंबर पक्की धरतो. आदल्या रात्री मेहुण्यांकडे उतरीन, पण सकाळी लवकर बोलावू नका, तिथे महाभारत संपल्याशिवाय चहासुद्धा मिळत नाही.’

एकेक करून बघू. २५ डिसेंबरला रविवार १९६६, १९७७, १९८३, १९८८ आणि १९९४ साली आला. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे १९६६ गेलं. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी सावंतवाडीचा माणूस ‘जि. रत्नागिरी’ लिहायचा, म्हणजे १९७७ पण गेलं. उरली तीन: ८३, ८८, ९४. कार्ड पंधरा पैशांचं आहे, पण तिन्ही साली कार्डाचा दर तोच होता, त्यामुळे त्यावरून यातलं एकही वगळता येत नाही.

आणि महाभारत. तुम्ही लिहिलंय, ‘मेहुण्यांच्या घरी काहीतरी वाद चालू असावा.’ हसू आलं, पण चूक तुमची नाही. तुम्ही त्या वेळी दीड-दोन वर्षांचे असाल, आणि मराठीत महाभारत म्हणजे घरचं भांडण हे आपण गृहीतच धरतो. हे मात्र टीव्हीवरचं आहे. दूरदर्शनवर ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं आणि जून १९९० पर्यंत दर रविवारी सकाळी चाललं. त्या काळात २५ डिसेंबरचा रविवार एकच, १९८८ चा. बी.ए. होऊन बरोबर पंचवीस वर्षं. म्हणजे रौप्यमहोत्सवी मेळावा.

खरं तर महाभारतावरच निकाल लागला असता, मग बाकीची उठाठेव कशाला? कारण एका धाग्यावर विसंबायचं नसतं. वार लिहिणाऱ्याचा चुकू शकतो, जिल्ह्याचं नाव जुन्या सवयीनं लिहिलेलं असू शकतं. जुनं नाव नव्या काळात सापडतं, नवं नाव जुन्या काळात सापडत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. केशवराव भोसले नाट्यगृहाला ‘पॅलेस थिएटर’ म्हणणारी माणसं नाव बदलून कित्येक वर्षं झाली तरी कोल्हापुरात होती. शाहू महाराजांनी ते १९१५ साली बांधलं तेव्हाचं नाव ते. त्यामुळे पत्रात ‘पॅलेस थिएटरसमोर भेटू’ असलं म्हणून पत्र जुनं ठरत नाही. पण ‘जि. सिंधुदुर्ग’ असलं तर ते मे १९८१ च्या आधीचं नाही, हे नक्की.

हीच युक्ती गठ्ठ्यातल्या १९६३ ते ७५ मधल्या पत्रांना लावा. निपाणी-बेळगावकडची पोरं कोल्हापुरात शिकायला असायचीच. त्यांच्या पत्त्यात ‘म्हैसूर राज्य’ असेल तर तो माणूस बहुधा १ नोव्हेंबर १९७३ च्या आधी लिहितोय, ‘कर्नाटक’ असेल तर नंतर. पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं शरणार्थी मदतीचं जादा तिकीट असेल तर १९७१ ची अखेर ते मार्च १९७३. तिकिटावर ‘नये पैसे’ छापलेले असतील तर ते तिकीट १९५७ ते ६४ च्या दरम्यानचं. पण सावध, तिकीट घरात पडून राहतं आणि मागाहून लावलं जातं. तिकिटावरून पत्र कधीच्या आधीचं नाही हे कळतं, कधीच्या नंतरचं नाही हे नाही कळत.

आईंना मात्र लगेच खोटं पाडू नका. ‘त्या वर्षी वर्ल्ड कप जिंकला होता आणि सगळे त्याच्यावरच बोलत होते’ ही आठवण नेमकी आहे, माणसं असलं काही हवेतून काढत नाहीत. १९८३ म्हणजे वीस वर्षं. तेव्हा एक प्रयत्न झाला असेल, चारपाच जण कुणाच्या तरी घरी जमले असतील आणि मोठा मेळावा पाच वर्षांनी झाला असेल. परिपत्रक नीट वाचा, त्यात ‘पुनश्च’ किंवा ‘मागील अनुभव लक्षात घेता’ असं काही आहे का? चिटणीस माणूस फसलेल्या प्रयत्नाचा उल्लेख असाच आडून करतो. आणि लिफाफ्यांच्या तारखांत १९८३ च्या दिवाळीच्या आसपास दाटी दिसते का तेही बघा.

वाचताना माणसं हमखास जिथे घसरतात अशा दोनतीन जागा सांगतो. पहिली म्हणजे ‘गॅदरिंग’. जुन्या पत्रात ‘गॅदरिंगला भेटू’ दिसलं की आजचा वाचक त्याला मेळावा समजतो. तेव्हा गॅदरिंग म्हणजे कॉलेजचं वार्षिक स्नेहसंमेलन. कॉलेज सुटल्यावरही पहिली दोनचार वर्षं माजी विद्यार्थी त्याला हजेरी लावायचे, नाटक बघायला आणि इतर कारणांसाठी. दुसरी, ‘पुण्याचा निकाल’. शिवाजी विद्यापीठ झालं १८ नोव्हेंबर १९६२ ला. त्याआधी कोल्हापूरची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, आणि १९४९ च्या आधी मुंबईला. म्हणून १९६१ च्या पत्रात कोणी ‘पुण्याचे नंबर लागले का’ विचारत असेल तर तो पुण्यात शिकत नव्हता. एका पुस्तिकेत असा एक सद्गृहस्थ दोन वर्षं पुण्याला शिकायला धाडलेला मी पाहिलाय. तो बिचारा कोल्हापूर सोडून कुठे गेलाच नव्हता.

तिसरी जागा म्हणजे बॅच. ‘६३ ची बॅच’ कोणी पास झाल्याच्या सालावरून म्हणतं, कोणी कॉलेजात आल्याच्या. मधे वर्ष बुडालेले, इंटरला (बी.ए.च्या आधीच्या परीक्षेला) अडकलेले स्वतःला कुठल्या बॅचमध्ये धरतात हे त्यांच्या मनावर. तुमच्या यादीत बेचाळीस नावं आहेत आणि विद्यापीठाच्या निकालाशी ती जुळत नाहीत म्हणून तुम्ही गोंधळलात. जुळणारच नाहीत. वडिलांनी यादी पास झालेल्यांची केली नाही, शेजारी बसलेल्यांची केली.

आणि पाटील. कोल्हापूरच्या कुठल्याही पत्रव्यवहारात ‘पाटील येतो म्हणाला’ हे वाक्य म्हणजे अभ्यासकाला दिलेली शिक्षा आहे. तुमच्या यादीत सहा पाटील आहेत, त्यातल्या तिघांचं आद्याक्षर सारखं. सुटका होते ती गावावरून आणि बोर्डिंगवरून. शाहू महाराजांच्या काळात, १९०१ पासून, इथे समाजासमाजांची वसतिगृहं निघत गेली, आणि बाहेरगावची पोरं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिली. त्यामुळे वर्गमित्र एकमेकांना ‘बोर्डिंगातला’, ‘कागलचा’, ‘राधानगरीकडचा’ असंच ओळखतात. आडनावापुढे गाव लावून वेगळी यादी करा. एखाद्या पत्रात पाटलाचा उल्लेख आला आणि कुठला ते कळलं नाही, तर ‘पाटील (?)’ लिहून सोडा. अंदाजानं गाव चिकटवलंत की तो अंदाज पुढच्या पुस्तिकेत सत्य होऊन बसतो.

मायन्यावरही नजर ठेवा. त्याच माणसाची १९६५ ची चिठ्ठी ‘लेका,’ अशी सुरू होते आणि १९८८ चं कार्ड ‘स.न.वि.वि.’ असं. दोन्हींच्या मधे काय झालं? कधी काहीच नाही, वय झालं, पोरं मोठी झाली, कार्ड घरातले सगळे वाचतात. कधी उसने पैसे. मी यावरून निष्कर्ष काढत नाही, फक्त नोंदवहीत मायन्यासाठी एक रकाना ठेवतो. पन्नास पत्रं झाली की रकाना स्वतःच काहीतरी दाखवायला लागतो.

गठ्ठ्यात काय नाही तेही बघायला हवं. पहिलं म्हणजे वडिलांची स्वतःची पत्रं. ती टपालात गेली. तुमच्याकडे आहे ती आलेली उत्तरं, म्हणजे टेलिफोनवरच्या बोलण्याची एकच बाजू. कुठे कार्बन कॉपी सापडली तर ती सोन्यासारखी जपा, नाहीतर ज्यांची पत्रं आहेत त्यांच्या घरी विचारा. त्यांच्या कपाटातही असाच एखादा डबा असतो.

दुसरं, मृत्यूची पत्रं. आपल्याकडे अनेक घरांत तसलं कार्ड वाचून लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत. म्हणून एखादा माणूस दर दिवाळीला लिहीत असतो आणि एकदम थांबतो. यादीत त्याच्या नावापुढे लाल फुली, आणि का ते सांगणारा कागद गठ्ठ्यात नाही. गहाळ झाला असं समजून शोधत बसू नका. पुढच्या कुठल्यातरी पत्रात त्याच्या नावामागे ‘कै.’ लागलेलं दिसेल किंवा त्याच्या पत्नीचा उल्लेख ‘गं. भा.’ असा, म्हणजे विधवेच्या नावाला लावायच्या उपाधीनं, येईल, तिथून काळ बांधता येतो.

तिसरं म्हणजे मुली. बेचाळीस नावांत सात मुली, आणि पत्रं फक्त दोघींची. त्यांना यायचं नव्हतं असा अर्थ चटकन निघतो. पाकिटं बघा. वडिलांनी लिहिलं ते माहेरच्या पत्त्यावर, कारण चिटणीसाकडे तेवढाच पत्ता होता. आडनाव बदललेलं, गाव बदललेलं, माहेरचं घरही भावांनी विकलेलं. तुम्ही फोटो पाठवलेल्या परत आलेल्या दोन पाकिटांवर पोस्टमननं ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारलाय. पत्र न आलेल्या पाचजणींपैकी निदान दोघींपर्यंत निमंत्रण पोचलंच नव्हतं. पुस्तिकेत हे वाक्य आलं तर माझ्या मते ते त्या वीस सुंदर पत्रांच्या तोडीचं आहे. परत आलेली पाकिटं ‘आत काही नवीन नाही’ म्हणून टाकून द्यायची नसतात.

ज्या दोघींची पत्रं आहेत त्यातल्या एकीनं लिहिलंय, ‘उत्तर घरी पाठवू नये, शाळेच्या पत्त्यावर पाठवावे.’ हे छापू नका. निदान विचारल्याशिवाय नको. वर्गमैत्रिणीला साधी चौकशी घरच्या पत्त्यावर नको होती, हे तिच्या घराबद्दल काहीतरी सांगतं, आणि ते सांगायचा हक्क तिचा आहे. तिची मुलंबाळं पुस्तिका वाचतील.

इथे कायद्याचंही सांगून टाकतो, कारण लोकांना वाटतं की पत्र माझ्या घरात म्हणजे छापायचा हक्क माझा. कागद तुमचा. मजकूर लिहिणाऱ्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं त्याचा आणि वारसांचा असतो. लिहिणारा गेल्यावर पहिल्यांदा छापलं तर ती साठ वर्षं छापल्यापासून मोजतात. म्हणजे तुमच्या गठ्ठ्यातलं एकही पत्र ‘मोकळं’ नाही. वर्गमित्रांच्या खासगी पुस्तिकेवर कोणी कोर्टात जाईल असं नाही, पण एक फोन करून ‘तुमच्या वडिलांचं हे पत्र आहे, छापू का’ विचारायला काय जातं? बहुतेक जण रडतात आणि हो म्हणतात. एखादा नाही म्हणतो, ते पत्र सोडायचं. आजारपण, कर्ज, भावकीचे वाद यांच्या ओळी असतील तर परवानगी असली तरी मी वगळतो आणि वगळल्याची टिंबं देतो. गुपचूप जोडून घेत नाही.

मनीऑर्डरची कूपनं तुम्ही ‘किरकोळ’ म्हटलीत. उलट हिशेब त्यांच्यातच आहे. फॉर्मचा खालचा तुकडा पैसे घेणाऱ्याला मिळायचा आणि त्यावर दोन ओळींचा निरोप लिहायची सोय असायची. जागा कमी, म्हणून माणूस मुद्द्याचं लिहायचा. तुमच्या एका फोटोत आहे: ‘रु. २५. येणे जमणार नाही. वर्गणी ठेवून घ्यावी.’ न येणाऱ्यानं पैसे पाठवले! असे किती आहेत ते मोजा. मेळाव्याला आलेल्यांचा आकडा फोटोवरून कळेल, पण मेळावा कोणाच्या पैशावर झाला ते या कूपनांवरून.

तारांबद्दल एवढंच की शुभेच्छांची वाक्यं तारखात्यानं ठरवून दिलेली असत, क्रमांक सांगितला की ठरीव वाक्य जायचं. त्यामुळे तारेतल्या भाषेवरून पाठवणाऱ्याच्या भावना मोजू नका. पाठवली हीच भावना.

आता कागदाचं. लॅमिनेशन अजिबात नको. ते उष्णतेनं चिकटवतात आणि परत निघत नाही, आतला कागद पुढे पिवळा पडला तरी बघत बसावं लागतं. सेलोटेपही नको. टाचण्या आणि स्टेपल गंजलेले असतील तर हळूच काढा, पण काय कशाला टाचलेलं होतं ते आधी नोंदवा. ठेवायला जाड पुठ्ठ्याची पेटी आणि धुऊन खळ काढलेलं मांजरपाट चांगलं. दप्तराला लाल रुमाल हवा अशी आपली जुनी समजूत आहे, पण ओल लागली की लाल रंग कागदावर उतरतो, मी स्वतः धुतलेत असले कपडे. डांबरगोळ्या कागदाला टेकवून ठेवायच्या नाहीत. वेखंडाची पुरचुंडी ठेवा, जुने लोक ठेवायचे, आणि पावसाळा संपला की पेटी उघडून वारा दाखवा. ऊन नाही, वारा. आणि पेटी वरच्या मजल्यावर. कोल्हापुरात २००५, २०१९, २०२१ चे पूर बघितल्यावर हे सांगावं लागू नये, तरी दरवेळी माणसं कागद खालच्या कपाटातच ठेवतात, कारण वर पाहुणे झोपतात.

चिकटलेल्या थराला हात लावू नका. सुरीनं सोडवायचा किंवा किटलीच्या वाफेवर धरायचा प्रयत्न तर मुळीच नको. फाउंटन पेनची निळी शाई पाण्यात विरघळते, वाफेनं पुन्हा पसरेल. बॉलपेननं लिहिलेलं बहुतेक टिकलं असेल. किती कागद आहेत, कडेनं किती जाड आहे, बुरशीचा वास येतो का, यावर काय करायचं ते ठरतं, आणि ते काम कागद जतन करणाऱ्या तज्ज्ञानं हातात घेऊन बघायचं आहे. तोवर तो थर तसाच, दोन कोऱ्या कागदांच्या मधे, कोरड्या जागी. पुढेमागे काही भिजलंच तर वाळत घालायची घाई न करता प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचं, दोन दिवसांच्या आत. बुरशी थांबते आणि विचार करायला सवड मिळते. वहिनी ओरडतील, ओरडू देत.

पुस्तिकेसाठी छापखान्यात मूळ कागद देऊ नका, छायाप्रतच द्या. एका संस्थेच्या स्मरणिकेसाठी मी विश्वासानं मूळ पत्रं दिली होती. पेस्टिंग करणाऱ्यानं मजकूर नीट बसावा म्हणून त्यांच्या कडा कात्रीनं कापल्या. कडांवर तारखा होत्या.

मूळ गठ्ठा शेवटी कुठे द्यावा, हे परिस्थितीवर आहे. घरात पुढच्या पिढीला रस असेल तर घरीच राहू द्या. नसेल तर वडिलांच्या कॉलेजचं ग्रंथालय, विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय किंवा १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर इथे विचारा. देताना क्रमवार यादी करून द्या, पोच घ्या, आणि ‘गठ्ठा फोडू नये’ हे लेखी घाला. कोणी ‘यातलं महत्त्वाचं तेवढं द्या’ म्हणालं तर नमस्कार करून परत या.

पुस्तिकेचं म्हणाल तर वीस पत्रांऐवजी मी एकच आठवडा निवडला असता. डिसेंबर १९८८ मधला, मेळाव्याच्या आधीचा आठवडा, त्यात आलेला प्रत्येक कागद, नकारासकट, कूपनासकट, सावंतवाडीच्या महाभारतासकट, आलेल्या क्रमानं. तळटीपा कमी. पण ही माझी आवड झाली. तुमच्या वाचकांना पूर्ण पत्रं वाचायची असतील तर वीस छापा, फक्त प्रत्येकाखाली गठ्ठ्यातला क्रमांक द्या.

हे सगळं करायला तीनचार महिने लागतील. एक काम मात्र या आठवड्यात करा. तुम्ही लिहिलंय की त्या बॅचमधले तिघं कोल्हापुरात आहेत, तिघंही ऐंशीच्या पुढे. पत्रांच्या छायाप्रती दुप्पट मोठ्या काढा, डोळ्यांना त्रास नको. दुपारची झोप झाल्यावर जा, चारनंतर. कागद हातात द्यायच्या आधी रेकॉर्डिंग सुरू करा, कारण अक्षर बघताक्षणी जे तोंडातून निघतं ते पुन्हा तसं निघत नाही. आधी परिपत्रक दाखवू नका, यादी दाखवा. सहाही पाटलांवर बोट ठेवून विचारा, यातला राधानगरीचा कुठला.